अर्धे राहिलेले नाव

येरुखिमला मंगळवारी दुपारी पुलावर गोळी घातली. पहारेकऱ्याने "थांब" म्हणून तीनदा हाक मारली होती. तीनदा, हे त्याने आमच्यासमोर छातीवर क्रूस काढून सांगितले. येरुखिम थांबला नाही. वळूनही पाहिले नाही. काखेत पुडके धरून आपल्या चालीने येत राहिला. तेव्हा पहारेकऱ्याने बंदूक उचलली.

आम्ही प्रेत आणायला गेलो तेव्हा तो पहारेकरी कठड्याला टेकून उभा होता. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. नाक वाहत होते.

"मी काय करू?" तो म्हणाला. "उत्तरच देईना."

"तो बहिरा होता," मी म्हणालो.

"मग कुणी सांगायचं नाही का?"

मी फावडे उचलले. सांगण्याचे काम एकदा मी केले होते.

गोळी मानेतून गेली होती. बर्फावर रक्त लांबवर ओघळून गोठले होते. रक्तासकट पुरायचे असते, म्हणून आम्ही फावड्याने तो बर्फही गोणीत भरला. पुडके त्याच्या अंगाखाली सापडले. त्यात तातीच्या दोऱ्याच्या दोन गुंड्या होत्या. बैलाच्या पायातल्या शिरा वाळवून, कुटून वळलेला हा दोरा. सेफेरची, म्हणजे आमच्या यहुदी धर्मग्रंथाच्या गुंडाळीची, चर्मपत्रे त्यानेच एकमेकांना शिवतात. दुसरा दोरा चालत नाही. पलीकडच्या गावातला खाटीक तो देतो. येरुखिम तेवढ्यासाठी पूल ओलांडून गेला होता.

त्या दिवशी सेफेर पूर्ण व्हायला एक शिवण आणि एक अक्षर बाकी होते. ते अक्षर माझे होते.

*

ग्रुशोवित्समध्ये त्याला सगळे लेखनिक येरुखिम म्हणत. वय एकतीस. उंच, पोक काढून चालणारा. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शाईचा काळा घट्टा होता. त्याची बायको फ्रादल म्हणायची, पोरांना बापाचा चेहरा आठवायच्या आधी ते बोट आठवेल.

मी कीवला चार वर्षे साहित्य शिकलो आणि पदवी घेऊन परत आलो, कारण कीवमध्ये खायला उरले नव्हते. गावात माझ्या पदवीचा उपयोग कोणालाच नव्हता. येरुखिमला तिची गंमत वाटायची.

"या पदवीधर साहेब," मी दारात दिसलो की तो म्हणायचा. "किती पुस्तकं वाचलीस या आठवड्यात?"

"दोन."

"दोन! मी दोन ओळी लिहिल्या. तू जिंकलास."

त्याची खोली लहान. खिडकीशी उतरते मेज, त्यावर चर्मपत्र, शेजारी तपासलेली जुनी प्रत. त्याला सगळा ग्रंथ पाठ होता, तरी प्रत्येक शब्द प्रतीत पाहून, तोंडाने म्हणून मगच लिहायचा. पाठ आहे म्हणून न पाहता लिहिले तर ते चालत नाही. मला हा नियम फार आवडायचा. मी त्याला म्हणालो, आमच्या कवींना हा लावला पाहिजे. तो म्हणाला, "त्यांनी कोणाची प्रत बघायची?"

एकूण अक्षरे तीन लाख चार हजार आठशे पाच. त्यातले एक जरी गळले, तुटले, शेजारच्याला चिकटले, तरी सगळी गुंडाळी निकामी. तिच्यातून वाचता येत नाही. प्रत्येक अक्षराच्या चारी बाजूंना कोरे चामडे राहिले पाहिजे. येरुखिम हे मला पुन्हापुन्हा दाखवायचा.

"हे बघ. सगळी एका ओळीत उभी आहेत, एकमेकांना धरून अर्थ देतायत, पण कोणी कोणाच्या अंगावर पडलेलं नाही. आपल्या गल्लीत हे कधी जमलंय?"

तो अक्षरांविषयी माणसांसारखे बोलायचा. योद सगळ्यांत लहान, शाईचा एक थेंब, पण कुठलेही अक्षर लिहायला पीस टेकवले की आधी योदच होते, मग ते वाढते. म्हणून देवाचे नाव योदने सुरू होते, असे तो म्हणायचा. बेथ तीन बाजूंनी बंद आणि पुढे उघडे, म्हणून ग्रंथ त्याने सुरू होतो. मागे काय होते ते विचारू नकोस, पुढे चल. मी विचारायचो, हे खरेच असे आहे की तुम्ही लोकांनी नंतर लावले? तो पीस पुसत म्हणायचा, "झेलिक या नावाचा तुझ्याशी काय संबंध आहे? आईने हाक मारली, तू वळलास. झालं."

हा सेफेर तो गावासाठी लिहीत होता. पाच वर्षे झाली होती. मधली तीन लढाईत गेली.

*

ते लुटारू घोडेस्वार गेल्या ऑगस्टमध्ये आले. आदल्या दिवसापासून स्टेशनच्या बाजूने गोळ्या ऐकू येत होत्या. सकाळी चक्कीवाल्याचे घोडे मोकळे धावत गावात शिरले, तेव्हा सगळ्यांना कळले. फ्रादल दोन्ही पोरांना घेऊन आमच्या तळघरात आली. नवरा बरोबर नव्हता.

"पाच मिनिटं म्हणालाय," ती म्हणाली. "झेलिक, तू जा. ओढून आण. केस धरून आण."

मी मागच्या परसांतून पळत गेलो. येरुखिम मेजाशी बसला होता. केस ओले होते. देवाचे नाव लिहायचे असले की तो सकाळी स्नानकुंडात बुडी मारून यायचा.

"चल," मी म्हणालो. "ते बाजारात पोचले."

"पोरं?"

"आमच्या तळघरात. चल ना!"

"एक नाव राहिलंय. शेवटचं." त्याने ओळ दाखवली. "यानंतर आख्ख्या ग्रंथात देवाचं नाव येत नाही. पुढच्या ओळीच्या मी फक्त कडा काढल्यात. ती अक्षरं लोक भरतील. मी मेलो तरी भरतील, तूसुद्धा भरशील. हे नाव मात्र लेखनिकानेच लिहायला हवं, आणि इथून तीन दिवसांच्या वाटेवर दुसरा लेखनिक नाही."

"मेलास तर लिहिशील कसा?"

"म्हणून तर आत्ता लिहितो."

त्याने पीस बुडवले. मोठ्याने म्हणाला, "हे मी पवित्र नावाच्या पावित्र्यासाठी लिहितो." आणि वाकला. मी खिडकीशी उभा राहिलो. बाहेर कोणी तरी बाई एकाच सुरात ओरडत होती. मग तो सूर थांबला.

चार अक्षरे. इतर वेळी मिनिटभराचे काम. येरुखिम ते सावकाश करायचा.

दार लाथेने उघडले. चौघे आत आले. पुढे होता तो त्यांचा सरदार. त्याच्या अंगात काळा रेशमी कोट होता. कोट मी ओळखला. प्रार्थनाघराचा झाडलोट करणारा म्हातारा नोखेम शब्बाथच्या शनिवारी घालायचा तो. छातीवर भोक होते आणि भोकाभोवतीचे रेशीम ओले होते.

"काय रे दाढीवाल्या," सरदार म्हणाला. "काय खरडतोस?"

येरुखिमने मान वर केली नाही. योद झाले होते. तो दुसऱ्या अक्षराचा पाय काढत होता.

"तुला विचारतोय. कुणाला पत्र लिहितोस? त्या लालवाल्यांना?"

पीस चालू राहिले.

"बहिरा आहे का हा?"

हा प्रश्न त्याने मला विचारला. मला स्पष्ट आठवते. त्याने माझ्याकडे पाहिले, आणि त्याला खरेच जाणून घ्यायचे होते. मी होय म्हणालो असतो तर कदाचित तो दुसऱ्या खोलीत चांदीचे चमचे शोधायला गेला असता.

मी म्हणालो, "नाही साहेब. ते पत्र नाही. ते देवाचं नाव आहे. लिहिताना मधेच बोलता येत नाही. राजाने विचारलं तरी उत्तर द्यायचं नसतं, असा नियम आहे."

"राजाने?"

"हो साहेब."

तो आपल्या माणसांकडे वळला. "ऐकलं का? राजालासुद्धा नाही. मग मी तर कोण!" ते हसले. तोही हसला. "धरा रे त्याला. बघू उत्तर देतो का."

दोघांनी येरुखिमचे खांदे दाबले. एकाने उजवे मनगट मेजावर धरले. दुसरे अक्षर पुरे झाले होते, पीस तिसऱ्यासाठी उचललेले होते. येरुखिमने डाव्या हाताने चर्मपत्र बाजूला सारले. हे मी पाहिले. तलवार वर गेली तेव्हा तो हाताकडे बघत नव्हता, चर्मपत्र मेजावरून खाली पडणार नाही ना ते बघत होता.

पहिल्या घावाने हात तुटला नाही. हाड अडले. सरदाराने शिवी दिली आणि पुन्हा मारले. मेजाची फळी चिरली. येरुखिमने ओठ असे मिटले होते की खालचा ओठ त्याच्याच दातांनी फाटला. आवाज आला तो घशातून, तोंडातून नाही. पंजा मेजावर राहिला. बोटांत पीस होते.

"च्यायला, खरंच बोलत नाही," एक जण म्हणाला.

सरदाराने त्या बोटांतून पीस ओढून पाहिले. निघेना. तेवढ्यात बाहेरून कोणी तरी दारूचे पिंप सापडल्याचे ओरडले. ते गेले. जाताना शेवटच्याने बंदुकीचा दस्ता माझ्या तोंडावर मारला. माझे तीन दात गेले. मी उठलो, माझा पट्टा काढला आणि येरुखिमच्या दंडाला आवळला. रक्त माझ्या बाह्यांत शिरले. मेजावर, भिंतीवर, खिडकीवर सगळीकडे होते. चर्मपत्रावर नव्हते.

*

ते दोन दिवस होते. चौऱ्याहत्तर माणसे मेली. प्रार्थनाघरात लपलेल्या एकवीस जणांना बाहेरून दार लावून आत हातबाँब टाकले. नोखेम कोटाशिवाय दारातच पडला होता. प्रार्थनाघराच्या पवित्र पेटीतले तिन्ही सेफेर त्यांनी बाहेर काढले, तलवारीने कापले. एका तुकड्याची खोगिराखालची घडी केली, एकाने बुटात घातला. बाकीचे चिखलात तुडवले. नंतर बायकांनी परातीत तुकडे वेचले. काहींवर चारपाच अक्षरे होती, काहींवर एकच. ती फेकता येत नाहीत. माणसांसारखी पुरावी लागतात.

गावात डॉक्टर नव्हता. सैन्यात मलमपट्टी केलेला एक न्हावी होता. त्याने कोळशात सळई लाल केली. मी आणि फ्रादलने येरुखिमला धरले. सळई लावली तेव्हा तो पहिल्यांदा ओरडला. फ्रादल म्हणाली, "ओरड. आता ओरड रे." जळत्या मांसाचा वास तिच्या केसांत महिनाभर राहिला, असे ती म्हणते.

पंजाही पुरावा लागतो. चौऱ्याहत्तर जणांच्या शेवटच्या ओळीत, तुकड्यांची मडकी ठेवली त्या खड्ड्यात आम्ही तो ठेवला. पीस बोटांतून निघालेच नाही, तसेच गेले. येरुखिमला तापात हे सांगितले.

"चांगलं पीस होतं," तो म्हणाला.

मी साहित्य शिकलेला माणूस आहे. त्या अर्ध्या नावानंतरच्या ओळीत "बलवान हात" असे शब्द येतात. ते माझ्या लक्षात आले तेव्हा मी परसात जाऊन अंधार पडेपर्यंत लाकडे फोडली.

*

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आमचे धर्मगुरू रब्बी शाखना येरुखिमकडे आले. रब्बींचे दोन मुलगे आणि सगळी पुस्तके गेली होती. मीही बसलो होतो.

"शब्बाथला दहा माणसं जमतात," रब्बी म्हणाले. "रिकाम्या पेटीसमोर उभी राहतात. परवा चक्कीवाल्याची सून मला म्हणाली, रब्बी, वाचायलाच काही नाही तर आम्ही कशाला राहायचं इथे? मी काय सांगू तिला?"

"माझा सेफेर आहे ना."

"निकामी आहे. अर्धं नाव आहे त्यात."

"अर्धं नाव पुसता येत नाही," येरुखिम म्हणाला.

"नाही येत. आणि पुरं करायला तुला हात नाही."

"डावा आहे."

रब्बींनी डोळे मिटले. पुस्तके जळली होती, म्हणून ते डोक्यातल्या पुस्तकांची पाने उलटत होते. चहा गार झाला. मग म्हणाले, "लेखनिकाने चांगल्या हाताने लिहायचं असतं. तुला आता एकच हात आहे. म्हणजे तोच चांगला."

"आणि मधे दोन महिने गेले त्याचं?"

"तू थांबलास का?"

"नाही."

"तलवारीने थांबवलं. तू नाही थांबलास. म्हणजे तू ते नाव अजून लिहितोच आहेस."

येरुखिमच्या दाढीत कितीतरी दिवसांनी काही हलले. "म्हणजे ते पुरं होईपर्यंत मी कोणालाच उत्तर द्यायचं नाही?"

"ते तर लग्न झाल्यापासून देत नाहीस," फ्रादल चुलीपाशी म्हणाली. मग तिने पातेले आपटले आणि ती रडायला लागली. "पुरं कर बाबा ते नाव एकदाचं. त्या नावापायी मी अर्धा नवरा घेऊन बसलेय."

तो डाव्या हाताने लिहायला शिकला. आधी कोळशाने फळीवर, मग पिसाने टाकाऊ चामड्यावर. पहिल्या महिन्यात त्याची अक्षरे दारू प्यायल्यासारखी दिसायची. रोज चार तास. तुटलेल्या मनगटाने तो चामडे दाबून धरायचा. जखम उघडायची, पू यायचा, फ्रादल उकळलेल्या फडक्याने बांधायची, तो पुन्हा दाबायचा. चामड्यावर डाग पडतात म्हणून शेवटी मीच चामडे धरायला बसू लागलो. असे आम्ही समोरासमोर बसायचो. त्या सकाळी मी काय बोललो होतो, ते त्याच्या कानावर पडले होते. तो काही म्हणायचा नाही. डिसेंबरमध्ये मला सहन होईना.

"मी बोललो नसतो तर तुझा हात राहिला असता," मी म्हणालो.

तो फळीवर वाव काढत होता. सरळ उभी रेघ, वर लहान डोके.

"त्याने विचारलं होतं, बहिरा आहे का. मी नाही म्हणालो. वर नियम सांगितला."

"ऐकलं मी." त्याने रेघ पुरी केली. "बरोबर सांगितलास. शब्द ना शब्द. रब्बीसुद्धा इतका नीट सांगत नाहीत."

"येरुखिम."

"मी तुझ्या जागी असतो तर म्हणालो असतो, होय साहेब, बहिरा आहे, वेडाही आहे, त्याची बायकोही वेडी आहे. पण मी पडलो अडाणी. तू शिकलेला. तुला खरं बोलायची सवय."

तो हसला. मी हसू शकलो नाही. तेव्हा त्याने कोळसा ठेवला आणि डाव्या हाताने माझ्या डोक्यावर टपली मारली, जराशी जोरातच.

"पुढच्या वेळी खोटं बोल," तो म्हणाला.

*

पुढची वेळ जानेवारीत आली. रब्बींनी त्याचे सरावाचे चामडे पाहून होकारार्थी मान हलवली होती. शुक्रवारी सकाळी येरुखिमने बर्फ फोडून स्नानकुंडात बुडी मारली. ओठ निळे पडले होते. मी चर्मपत्र धरले. त्यावर योद होते, शेजारी दुसरे अक्षर, आणि मग कोरी जागा. पाच महिने ते तसेच होते.

त्या आठवड्यात गावातून दुसरेच सैन्य जात होते. कोणाचे, ते मी लिहीत नाही. आम्हाला फरक पडत नव्हता. दार फ्रादलने आतून लावले होते. येरुखिमने वाक्य म्हटले. पीस टेकवले. वावचे डोके झाले आणि दारावर दस्ते बसू लागले.

या वेळी तिघे होते. तिघेही प्यायलेले. एकाने फ्रादलला भिंतीवर ढकलले. तिचे डोके खुंटीवर आपटले. ती खाली बसली आणि पोरांवर आडवी झाली.

"बूट! पैसे! अंगठ्या!" त्यांच्यातला ठेंगणा म्हणाला. मग मेजाकडे आला. "आणि हा का उठत नाही? ए, उठ!"

येरुखिम वावचा पाय खाली आणत होता.

"बहिरा आहे साहेब," मी म्हणालो. "लहानपणापासून. काही ऐकू येत नाही त्याला. डोक्यानेही जरा कमी आहे. अक्षरं गिरवत बसतो दिवसभर."

"बहिरा?"

"ठार बहिरा."

माझा आवाज चांगला निघाला. मला अभिमानच वाटला.

ठेंगण्याने आपल्या सोबत्यांना डोळा मारला. बंदूक उचलली. नळी येरुखिमच्या उजव्या कानाशी नेली, डोक्याला न लावता, बोटभर अंतरावर. आणि छताच्या दिशेने चाप ओढला.

खोली पांढरी झाली. माझे कान वाजू लागले, पण मी चर्मपत्र सोडले नाही. छताची माती खाली आली. मी मान पुढे करून ती अंगावर घेतली. येरुखिमचे पीस चामड्यावर होते. ते हलले नव्हते. वावचा पाय खाली गेला. त्याच्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरत होती.

"खरंच बहिरा आहे की!" ठेंगणा खुशीत म्हणाला. निदान त्याचे तोंड तसे हलले. मग तो दुसऱ्या बाजूला गेला आणि डाव्या कानाशी पुन्हा झाडली.

येरुखिम चौथ्या अक्षराचे छत काढत होता.

त्यांनी माझे बूट, चहाचा समोवार आणि फ्रादलची शाल घेतली. मला पोटात आणि बरगड्यांवर लाथा घातल्या, कारण बुटाला भोक निघाले. मी दोन्ही हात वर धरून पडलो होतो. हातात चर्मपत्र नव्हते, ते मेजावर तुटक्या मनगटाखाली होते. ते गेल्यावर मी गुडघ्यांवर उठलो. येरुखिमने शेवटचा पाय काढला, छताला न चिकटवता, केसभर जागा ठेवून. पीस पुसले. मग माझ्याकडे वळला आणि खूप मोठ्याने, ओरडल्यासारखे म्हणाला,

"झेलिक! आता विचार काय विचारायचं ते!"

मी काही तरी विचारले. तो माझ्या ओठांकडे बघत राहिला.

*

त्याला पुन्हा ऐकू आले नाही. न्हाव्याने कानात कोमट तेल घातले. रब्बींनी पाटीवर खडूने लिहिले, "नाव शुद्ध आहे." येरुखिमने पाटी दोनदा वाचली. वावचा पाय किंचित डावीकडे कललेला आहे, बारकाईने पाहिल्याशिवाय दिसत नाही.

पुढचे दोन आठवडे गावातले लोक शेवटची ओळ भरायला आले. प्रत्येकाला एक अक्षर. कडा काढलेल्याच होत्या, आत शाई भरायची. लोक पिसाला हात लावायचे आणि येरुखिम त्यांच्या वतीने भरायचा. चक्कीवाल्याची सून आली, तिने मेलेल्या नवऱ्याच्या नावाने पिसाला बोट लावले. काही अक्षरे ज्यांची ठरली होती ती माणसे पुरलेली होती. त्यांची मुले आली. काहींची मुलेही नव्हती, त्यांची रब्बींनी भरली.

मी जात नव्हतो. काही कारण काढायचो. एक दिवस येरुखिम घरी आला आणि भिंतीशी उभा राहून ओरडला, "एकच राहिलंय! तुझं! ते मी भरणार नाही!" तो किती मोठ्याने बोलतो ते त्याला कळत नसे. सगळ्या गल्लीने ऐकले. मी खुणेने म्हटले, उद्या. त्याने खुणेने विचारले, कुठला उद्या? मग म्हणाला, "बरं. मी खाटकाकडून दोरा घेऊन येतो. शेवटचं पान शिवायचंय. आलो की भर."

मी त्याच्याबरोबर जायला हवे होते. पुलावर नवा पहारा बसला आहे हे मला माहीत होते. तो बहिरा आहे हे त्या पहाऱ्याला माहीत नव्हते. हे मी अगदी साधे लिहितो, कारण ते साधेच आहे.

त्याला आम्ही चौऱ्याहत्तर जणांच्या ओळीत पुरले, त्याच्या हाताशेजारी. त्याच कपड्यांत, न धुता, जसे मारलेल्यांना पुरतात. गोणीतला बर्फ आधी टाकला.

काल फ्रादलने मला बोलावले. तिने तातीच्या गुंड्या धुऊन वाळवल्या होत्या. एका गुंडीतला तपकिरी डाग गेला नव्हता. "रब्बी म्हणाले चालेल," ती म्हणाली. तिने खिडकीशी मेज ओढून दिले. फळीवरची चीर तशीच आहे.

मी शिवले. मला शिवता येत नाही. सुई चामड्यात शिरेना, तेव्हा तिने आरी दिली. मी डागाचा दोरा आधी वापरला. टाके वाकडे आले, पण धरून आहेत. मग मी पीस घेतले, माझ्या अक्षराच्या कडा पाहिल्या. त्या त्याने उजव्या हाताने काढलेल्या होत्या, ऑगस्टच्या आधी. प्रतीत शब्द पाहिला, तोंडाने म्हटला, आणि आत शाई भरू लागलो.

"झालं का रे?" फ्रादलने दारातून विचारले.

ते देवाचे नाव नव्हते. साधे अक्षर होते. ते लिहिताना बोलायला हरकत नसते.

"झेलिक, झालं का?"

मी मान वर केली नाही. मग तिने पोरांना आत बोलावले, हळू आवाजात गप्प बसायला सांगितले आणि दार लोटून घेतले.